युकुलेलेवरचा यमन

ताई,
मी ६२ वर्षांची, बँकेतून निवृत्त, मुक्काम सांगली. लहानपणी गाण्याच्या प्रवेशिकेपर्यंत परीक्षा दिल्या होत्या, पुढे नोकरी-संसारात सगळं राहिलं. तीन वर्षांपूर्वी लेकीने वाढदिवसाला युकुलेले दिलं, म्हणजे चार तारांचं, छोट्या गिटारसारखं वाद्य. ‘आई, पेटी आता उचलवत नाही ना, मग हे घे.’ यूट्यूबवर बघून बघून चार कॉर्ड्स, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे गट, शिकले. आमच्या १९७९च्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ४० जण आहोत. त्यातले आठ-नऊ जण दर रविवारी संध्याकाळी एखादं जुनं गाणं स्वतः म्हणून टाकतात. कुणी माउथ ऑर्गनवर, कुणी नुसता टेबलावर ठेका धरून. एक मैत्रीण ह्यूस्टनहून पाठवते. मी युकुलेलेवर गाते. वर्षभर मजेत चाललं होतं. सगळ्यांना सगळ्यांचे अंगठे, फुलं, ‘वा वा’.

दीड महिन्यापूर्वी मी एक भावगीत टाकलं. आमच्या वाड्यात शेजारच्या काकूंकडे तेवढा एक रेडिओ होता, त्यावर ऐकलेलं. फार जवळचं. त्यावर एका वर्गमित्राने लिहिलं, ‘मूळ गाण्याची पार वाट लावलीस गं. काहीतरी भयंकर खटकतंय.’ हा नाट्यसंगीतातला दर्दी, एरवी ग्रुपवर फारसा बोलत नाही. बाकीच्यांनी त्याला झापलं, त्याने मेसेज डिलीट केला, पण तोवर मी वाचला होता. तेव्हापासून मी काही टाकलेलं नाही. यजमान म्हणतात, ‘ते खेळणं आहे, त्यावर हॅपी बर्थडे वाजव, भावगीत कशाला?’ आणि मला आता वेगळीच शंका येते, की बाकीचे वर्षभर खोटंच कौतुक करत होते की काय. सोबत ती फाईल जोडते आहे. खरं सांगा, बंद करू का? डिसेंबरात सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर एकत्र गायचं ठरतंय. त्यात जाऊ की काहीतरी कारण सांगू?
– बॅचमधली एक, सांगली

नमस्कार,

फाईल तीनदा ऐकली. पहिल्यांदा नुसतीच, दुसऱ्यांदा स्वयंपाक करता करता, तिसऱ्यांदा समोर पेटी उघडून. खरं सांगा म्हणालात म्हणून आधी निकाल सांगून टाकते: तुमच्या वर्गमित्राची जीभ उद्धट आहे, पण कान चोख आहे. खटकतंय ते खरंच खटकतंय. मात्र ते तुमच्या गळ्यात नाही, डाव्या हाताच्या बोटांत आहे आणि एका संध्याकाळी दुरुस्त होण्यासारखं आहे.

तुम्ही निवडलेलं गाणं यमन रागातलं. सा धरलात पांढरी एकचा, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा, युकुलेलेवाल्यांच्या भाषेत सी. आता नवशिक्याला कुणीही पहिल्या आठवड्यात तीन कॉर्ड्स शिकवतो: सी, एफ आणि जी सेव्हन. बोटं पटकन बसतात आणि जगातली निम्मी गाणी तेवढ्यावर म्हणून होतात. तुम्हीही तेच केलंत, वर ए मायनर घातलीत. पण जरा पेटी काढा (उचलू नका, कुणाकडून तरी काढून घ्या) आणि एफ कॉर्डचे सूर एकत्र दाबा. पांढरी चार, पांढरी सहा आणि वरची पांढरी एक. ही पांढरी चार म्हणजे तुमच्या ‘सा’पासून शुद्ध मध्यम. आता जी सेव्हन दाबा. पाच, सात, वरची दोन, आणि पुन्हा तीच वरची चार. म्हणजे तुमच्या पहिल्या तीन कॉर्ड्सपैकी दोघींच्या पोटात शुद्ध मध्यम बसलेला आहे.

आणि यमनात मध्यम कुठला? प्रवेशिकेपर्यंत परीक्षा दिलेल्या बाईला हे मी सांगायला नको. तीव्र, शुद्धाच्या लगेच वरचा. काळी तीन.

ध्रुवपदाच्या शेवटच्या ओळीत तुमचा गळा अगदी इमानाने काळी तीनवर जातो, आणि त्याच क्षणी हात एफ छेडतो. शेजारशेजारचे दोन सूर एकदम दाबले की पेटी कशी कळवळते, तसं होतं. एकदा नाही, ध्रुवपद परत येतं तितक्या वेळा, म्हणजे चारदा. ज्यांनी आयुष्यभर हा राग नावासकट ऐकलाय त्यांना हे ‘काहीतरी भयंकर’ वाटणारच. बाकीच्यांनाही खटकलं असेल, पण काय खटकलं ते कळलं नसेल, म्हणून त्यांनी अंगठा दिला. ते खोटं बोलत नव्हते. तुमचा आवाज ओळखीचा, गाणं ओळखीचं, तेवढ्याने त्यांना बरं वाटलं. खोटेपणा याला म्हणत नाहीत.

इलाज. सा तोच ठेवायचा असेल तर एफच्या जागी डी वाजवून बघा. डीमध्ये काळी तीन आहे, म्हणजे तुमचा तीव्र मध्यम. जी सेव्हनच्या जागी साधा जी. एवढ्याने निम्मं काम होईल. पण मला विचाराल तर ‘सा’च बदला. अंतऱ्यात तार गंधारावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’वर, तुमचा गळा ताणला जातोय आणि तुम्ही तो सूर पकडण्याऐवजी त्याला ओझरता हात लावून खाली पळताय. विशीत पेलायची ती पट्टी साठीत पेलावी, असा काही नियम नाही. मोठमोठे गवई वय झालं की पट्टी उतरवतात, त्यात कमीपणा नाही. पांढरी पाचला सा धरा, म्हणजे तीन स्वर खाली या. तिथे तुम्हाला लागतील जी, डी, ई मायनर आणि ए सेव्हन. ए सेव्हनला एकच बोट लागतं आणि तिच्यात या ‘सा’पासूनचा तीव्र मध्यम आयता बसलेला आहे. आता या पट्टीत चोर कोण? तुमची लाडकी सी. तिच्यात शुद्ध मध्यम आलाय. यमन संपेपर्यंत सीला हात लावू नका. डी सेव्हनही नको, साधी डीच.

हे झालं यमनाचं. प्रत्येक जुन्या गाण्याला असं कॉर्डांचं लुगडं नेसवता येईलच असं नाही, हेही सांगून ठेवते. नाट्यपद, लावणी, मींड घेत घेत सरकणारं काहीही असलं की तारांखाली ठोकलेल्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट्स, आडव्या येतात. तिथे हट्ट करू नये. पण सिनेमातली, ठेक्यावर चालणारी, पाश्चात्त्य वाद्यमेळावर बांधलेली पन्नास-साठच्या दशकातली गाणी युकुलेलेवर फार गोड बसतात, कारण ती बांधतानाच कॉर्ड्स मनात धरून बांधलेली आहेत. मुंबईच्या त्या वाद्यवृंदांत गोव्याचे किती वादक होते! सबॅस्टियन डिसूझांसारखे संगीत-संयोजक होते. रविवारच्या गाण्यांत ही सरमिसळ ठेवा.

आता तुमच्या फाईलमधली मला सगळ्यात आवडलेली जागा. दुसऱ्या अंतऱ्यात बहुधा कॉर्ड आठवली नाही, म्हणून तुम्ही सगळं सोडून नुसत्या अंगठ्याने वरच्या दोन तारा एकेक छेडत राहिलात. साधारण २० सेकंद. त्या दोन तारा म्हणजे जी आणि सी. तुमच्या त्या ‘सा’पासून पंचम आणि षड्ज. म्हणजे नकळत तुम्ही तानपुरा लावलात! आणि काय झालं माहितीये? तुमचा आवाज एकदम पुढे आला, शब्द कळायला लागले, तीव्र मध्यम मोकळा लागला. मी गॅस बारीक करून तो तुकडा पुन्हा ऐकला. पुढे ती कॉर्ड आठवली, आणि पुन्हा खळखळाट सुरू झाला.

हे मुद्दाम करा. पट्टी उतरवल्यावरही जमतं: जीची तार मोकळी ठेवा, सीच्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला एक बोट ठेवा, झाला पंचम. ध्रुवपदाला कॉर्ड्स, अंतऱ्याला नुसता सा आणि प. युकुलेलेच्या चारही मोकळ्या तारा, वरून खाली, पांढरी एकच्या ‘सा’पासून मोजल्या तर प, सा, ग, ध येतात. त्यातला प साच्या खालचा नाही, वरचा. म्हणून ते वाद्य असं हसऱ्या आवाजाचं लागतं. गंभीर गाण्याला तो हसरेपणा कधी कधी नडतो, तेव्हा खळखळ कमी करायची आणि बोटाच्या नखाऐवजी अंगठ्याच्या मांसल भागाने छेडायचं.

आणखी एक. मूळ रेकॉर्ड साडेतीन मिनिटांच्या आतली असणार, कारण ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं, आणि त्या काळची गाणी त्या मापातच शिवलेली असायची. तुमची फाईल पाच मिनिटं चाळीस सेकंदांची आहे. हे जास्तीचे कुठून आले, तर अंतऱ्याआधीचे व्हायोलिनचे तुकडे तुम्ही ‘लाललाला’ करून तोंडाने म्हटलेत. सगळेच्या सगळे! मला हसू आलं आणि मायाही वाटली, पण ते काढून टाका. तिथेच लोक तुमच्या गाण्याची मूळ गाण्याशी गाठ घालतात. तीस वादकांशी चार तारांची स्पर्धा तुम्हीच लावून दिलीत, मग हरल्याचं दुःख कशाला? एक ध्रुवपद, एक अंतरा, फार तर दोन. संपलं. मूळ गाणं ज्याला हवंय त्याच्या फोनमध्ये ते आहेच, त्याला कुणाच्या बापाला वाट लावता येत नाही.

यजमानांचं ‘खेळणं’ आता. त्यांना चहा देताना सांगा, की १८७९च्या ऑगस्टमध्ये मादेइरा बेटावरून ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाच्या जहाजाने पोर्तुगीज मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांत कामाला पोचले, त्यांच्यात तिघे सुतारकाम जाणणारे होते. त्यांनी आपलं गावाकडचं छोटं तंतुवाद्य तिथल्या कोआच्या लाकडात बनवायला घेतलं, आणि तिथला राजा कालाकौआ त्यावर इतका खूश झाला की दरबारी नाचगाण्यात ते वाजायला लागलं. युकुलेले या नावाचा अर्थ तिथले लोक ‘उडी मारणारी पिसू’ असा सांगतात. तर हे खेळणं राजाच्या दरबारात वाजलेलं आहे. एवढ्यावर ते ऐकणार नाहीत म्हणा. मग पेटीचं सांगा. पेटी कुठे आपली? तीही युरोपातून आली, मिशनऱ्यांबरोबर, साहेबांबरोबर. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१पर्यंत. का, तर म्हणे सूर ठोकून बसवलेले, मींड निघत नाही. तोवर गोविंदराव टेंब्यांनी नाटकात आणि मैफलीत पेटीला मानाची गादी मिळवून दिलेली होती, तरी. आज पेटीशिवाय आपलं भजन उभं राहत नाही. आणि ज्या रेडिओवर तुम्ही वाढलात त्याच रेडिओवर हवाईयन गिटारही वाजायची, व्हॅन शिपलींच्या गिटारवरच्या सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी घरोघरी होत्या. हवाई बेटांशी आपली ओळख काल झालेली नाही. अर्थात यजमानांना खरा राग वाद्याचा नसून रविवारी संध्याकाळी बातम्यांचा आवाज कमी करावा लागतो त्याचा असेल, तर त्याला माझ्याकडे इलाज नाही. स्वयंपाकघरात बसा.

तसं बसाच, पण पंखा बंद करून. फोन टेबलावर आडवा ठेवू नका, टेबल सगळे ठोके गिळून परत ओकतं. डब्याला टेकवून उभा करा, तोंडापासून हातभर लांब, युकुलेलेकडे नाही, ओठांकडे तोंड करून. शिवाय तुमची ए तार पाव सुराने उतरलेली आहे. नवीन बसवली असेल तर नायलॉन आठवडाभर ताणत राहतं, दर गाण्याआधी लावून घ्या. बाराशे-पंधराशेचं वाद्य असलं तरी चालेल, बेसूर नको.

आठवणीचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. पत्रात तुम्ही शेजारच्या काकूंच्या रेडिओबद्दल एक ओळ लिहिलीत. फाईलमध्ये ती नाही. ग्रुपवर तुम्ही काय लिहिलं होतंत? ‘माझं आवडतं गाणं, गोड मानून घ्या.’ हे असं सगळेच लिहितात. त्याऐवजी गाण्याआधी १५-२० सेकंद बोला. रेडिओ कुठल्या कोनाड्यात होता, काकूंना परवान्याचे पैसे पोस्टात भरायला कुणी नेलं होतं, ‘आपली आवड’ लागलं की आतून काय ओरडायच्या. ‘किती छान दिवस होते’ म्हणू नका, दिवसाचं वर्णन करा. त्या ४० जणांतल्या निदान पाच जणांनी तो वाडा पाहिलेला असेल. गाणं ते युकुलेलेवर ऐकतील, पण त्यांना ऐकू येईल तो रेडिओ. आणि शेवटी कवीचं, संगीतकाराचं, गायकाचं, तिघांचं नाव सांगा. आपल्याकडे गाणं गायकाच्या नावावर जमा होतं आणि कवी उधारीवर राहतो.

(हे कधी यूट्यूबवर वगैरे चढवावंसं वाटलं तर एवढं लक्षात असू द्या, की शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. स्वतः वाजवलं म्हणून ते आपलं होत नाही, तक्रार येऊ शकते. वर्गमित्रांच्या ग्रुपवर कुणी पोलीस पाठवत नाही.)

कौतुकाचं बोलते. ३९ अंगठे एकसारखे आले की शंका येणारच, पण मला सांगा, तुम्ही ह्यूस्टनच्या मैत्रिणीला काय लिहिता? तुम्हीही अंगठाच देत असणार. पुढच्या रविवारी एकाच गाण्यावर एकच ओळ लिहा, पण जागा दाखवून. ‘दुसऱ्या ओळीत थांबलीस ना, तिथे बरं वाटलं.’ ‘माउथ ऑर्गनवर श्वास कुठे घेतोस ते कळलंच नाही.’ जागा सांगितली की समोरच्याला कळतं, हिने ऐकलंय. दोन-तीन आठवड्यांत तुम्हालाही तशा ओळी यायला लागतील. सगळ्यांच्या नाही येणार. तीन जणांच्या आल्या तरी पुष्कळ.

दर्दी वर्गमित्राचं काय करायचं? ग्रुपवर काही करायचं नाही. तिथे त्याचं एकदा नाक कापून झालंय. त्याला वेगळा मेसेज करा, साधारण असा:

‘अरे, तू जे लिहिलंस ते मला झोंबलं, महिनाभर गायले नाही. पण तुझं बरोबर होतं. मी शुद्ध मध्यमाच्या कॉर्ड्स लावत होते. आता पट्टी उतरवली आहे, कॉर्ड्स बदलल्या आहेत. ग्रुपवर टाकायच्या आधी तू एकदा ऐक. आणि पुढच्या वेळी काय खटकतं ते नावानिशी सांग, वाट लावलीस म्हणू नकोस.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते गाळलंत तर तो सुधारणार नाही, आणि तुमच्याही मनातून जाणार नाही. एरवी न बोलणारा माणूस तुमच्याच गाण्यावर बोलला, याचा अर्थ तो बाकीच्यांचं सोडून तुमचं गाणं शेवटपर्यंत ऐकत होता, असाही होऊ शकतो. किंवा त्या दिवशी त्याचं पोट बिघडलं असेल. मेसेज केल्यावर कळेल.

डिसेंबरच्या कॉलला जाच, पण एकत्र गाण्याचा बेत मोडून टाका. नेटवरून आवाज पोचायला वेळ लागतो, प्रत्येकाला वेगळा, ह्यूस्टनला आणखी जास्त. विश्वास बसत नसेल तर कॉलवर सगळ्यांना एकदम एक टाळी वाजवायला सांगा. पोपटी कैऱ्या झाडावरून पडल्यासारखा आवाज येईल. म्हणून एकाने गायचं, बाकीच्यांनी आवाज बंद करून घरात गुणगुणायचं. आणखी एक खोच: ही ॲप्स माणसाचं बोलणं ठेवतात आणि बाकीचा आवाज गोंगाट समजून पुसून टाकतात. युकुलेले त्यांना मिक्सरच्या जातीचं वाटतं. झूमवर असाल तर ‘ओरिजिनल साउंड’ची सोय आहे, ती चालू करा, नाहीतर तुमचे ओठ हलतील, बोटं हलतील आणि तारा मुक्या राहतील. आदल्या दिवशी लेकीला फोन लावून तपासून घ्या.

येत्या रविवारी मात्र तेच गाणं टाका. दुसरं, सोपं, सुरक्षित गाणं नको. तेच, पांढरी पाचला, अडीच मिनिटांत, काकूंच्या रेडिओसकट. आणि मलाही पाठवा. पेटी अजून उघडीच ठेवलीये.